निंदणीतली भाजी

आषाढ सरता सरता खान्देशात कपाशीच्या ओळींत निंदणी चालू असते. चोपडा तालुक्यातल्या एका शेतात बायांच्या बरोबरीने ओळ धरून बसले, तेव्हा लक्षात आलं की उपटलेलं सगळंच तण बांधावर जात नाही. घोळ, केना, तांदुळजा, कुर्डू निंदता निंदताच बायांच्या ओट्यात पडत होते.

शेजारच्या आजींनी मला ओळख शिकवली. घोळीची काडी लालसर, पान जाड आणि रसदार. तिच्याच शेजारी दुधी नावाचं तण पसरलेलं असतं, घाईत फसवतं. काडी मोडायची. पांढरा चीक आला तर ती दुधी, टाकून द्यायची; पाण्यासारखा रस आला तर घोळ. केना निळ्या फुलावरून कळतो. कुर्डू, तरोटा फुलावर यायच्या आत खुडायचा, तोही कोवळा शेंडाच. नंतर पान निबर होतं. आणि फवारलेल्या शेतातलं काहीही घ्यायचं नाही.

घरी आजींनी घोळ तीन पाण्यांनी धुतली, कारण पानांच्या बेचक्यात माती राहते. लसूण-मिरचीची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वर झाकण. पाणी घातलंच नाही. घोळीला स्वतःचं सुटतं. आंबटसर भाजी, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. आम्ही जेवायला बसण्याआधी एक वाटी शेजारी गेली. उरलेल्या घोळीची जुडी वानोळा म्हणून माझ्या पिशवीत आली.

हीच देवाणघेवाण धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने गावाचा सोहळा केली आहे. साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावाने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने आपलं जंगल राखलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे 2004 पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. बाया भाजी रांधून आणतात आणि ती कोणती, कुठली, हेही सांगतात. आता 9 ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागही ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव घेतो.

महोत्सव हवेतच. पण ही ओळख टिकते ती शेतात, एकीने दुसरीला काडी मोडून दाखवण्यात. निंदणीला माणूस मिळेना म्हणून तणनाशक येतं, तेव्हा भाजीबरोबर ती शिकवणीही बंद पडते. म्हणून शेतकऱ्यांना माझी विनंती आहे: बांधालगतची एक पट्टी फवारणीवाचून ठेवा, आणि घरातल्या पोरांना आजीसोबत तिथे भाजी खुडायला पाठवा.