कन्येच्या हातातले कणीस

वाचकहो, साप्ताहिकातले राशिभविष्य पोरे घरात मोठ्याने वाचतात, ते तुमच्याही कानांवर पडत असेल. ५ सप्टेंबरला जन्मलेल्या नातवाला त्यात ‘कन्या’ सापडते. आजोबा मात्र पंचांग उघडून सांगतात, त्या दिवशी सूर्य अजून सिंहेत असतो. शिवाय आपली रास धरायची ती चंद्रावरून. मग खरे कोणाचे?

गणित दोघांचेही बरोबर. पाश्चात्त्य लोक राशी मोजतात त्या मार्चात दिवस-रात्र सारखी होतात तेथपासून, म्हणजे ऋतूवरून. त्यांची कन्या २३ ऑगस्टच्या सुमारास लागते. आपले पंचांग चालते ताऱ्यांवरून. या दोहोंत ७२ वर्षांना साधारण एक दिवसाचा फरक पडतो आणि साचत साचत तो आज २४ दिवसांवर गेला आहे. म्हणून आपली कन्या लागते १७ सप्टेंबरच्या आसपास. भविष्य मात्र दोन्हींत सारखेच, म्हणजे भरवसा ठेवू नये असे!

पण ही कन्या आहे शेतकऱ्याच्याच घरची. जुन्या ग्रीक-रोमन चित्रांत तिच्या हातात धान्याचे कणीस असते, आणि कणसाच्या जागी चमकणारा पांढरा तारा म्हणजे आपली चित्रा. येरमाळ्याला येडाईच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला जाल तेव्हा रात्री चंद्राच्या जवळपास तिला शोधा. तिच्यावरूनच महिन्याला चैत्र म्हणतात.

सूर्य कन्येत असतो तेव्हा ती उजेडात बुडून दिसेनाशी होते. घटस्थापना नेमकी याच दिवसांत येते. तुळजापुरात आणि आपल्या देव्हाऱ्यात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले जाते, आणि बाहेर काळ्या रानात शाळू पेरायची घाई असते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. उत्तरा, हस्त, चित्रा ही सूर्यनक्षत्रेही ताऱ्यांवरची, म्हणून त्यांच्या तारखा पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू पुढे सरकतात. पाऊस ताऱ्यांना ओळखत नाही, तो ऋतूबरोबर येतो-जातो. तेव्हा १५ सप्टेंबरनंतर रानात पुरेशी ओल असेल, तर हत्ती लागायची वाट पाहत तिफण आडोशाला ठेवू नका. फार आधी पेरले तर खोडमाशी पोंगा जाळते हे खरे. पण ऑक्टोबरचा मध्य उलटला, की कणीस भरायच्या वेळी जमिनीत ओलच उरत नाही.