शाई, कागद आणि लेप



संहितेचा अभ्यास करताना आपण लिपी, लेखणी आणि शाई यांचा विचार करतो. कागदाच्या पृष्ठभागाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक अक्षर कागदावर कसे बसते, हे पुष्कळ अंशी त्यावरील लेपाने ठरते. बोरूने लिहिलेल्या पोथीला हे जसे लागू आहे, तसेच हदगावच्या एखाद्या दुकानात इंकजेट यंत्रावर छापून घेतलेल्या तुमच्या प्रकल्पालाही.

टीपकागदावर लिहून पाहा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि अक्षराची कड हरवते. यालाच आपण ‘शाई फुटणे’ म्हणतो. जुन्या कारागिरांचा यावरील उपाय साधा होता. ताव वाळला की त्याला पिठाची खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा प्रसिद्ध आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी तेथे हलवली, त्या काळाशी तिचा संबंध जोडला जातो. खळीने तंतूंमधील पोकळ्या बुजतात व शाई वरच राहते.

इंकजेटच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. या शाईत बहुतांश पाणी असते आणि तिचा थेंब काही पिकोलिटरचा असतो. (लिटरचा लक्ष कोटीवा भाग म्हणजे एक पिकोलिटर.) येथे पाणी झटकन आत जावे, रंग मात्र वरच थांबावा, अशी दुहेरी अपेक्षा असते. म्हणून खास इंकजेट कागदावर सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देतात. कणांमधील छिद्रे पाणी सरळ खाली ओढतात. विद्राव्य रंगाच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो. लेपात मिसळलेले धनभारित बहुवारिक त्यांना जागीच धरून ठेवते. परिणामी काळा रंग गडद दिसतो आणि कड रेखीव राहते. साध्या कागदावर हाच रंग पाण्याबरोबर आत मुरतो, काळ्याचा करडा होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चकचकीत कागद म्हणजे उत्तम कागद, असे नव्हे. आर्ट पेपरवर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो; तो ऑफसेटच्या दाट, तेलकट शाईसाठी योजलेला आहे. त्यावर इंकजेटची पातळ शाई नीट मुरत नाही, बोट लागताच फासते.

मराठीच्या अभ्यासकाला याची फिकीर का असावी? देवनागरीत शिरोरेषेवरचा एक ठिपका अर्थ बदलतो. ‘त्याचे वचन’ आणि ‘त्यांचे वचन’ यांत केवळ अनुस्वाराचा फरक आहे. महानुभाव गद्यासारख्या संहितेत तो गेला तर आदरार्थी बहुवचनच गेले. शाई फुटली की हा ठिपका शिरोरेषेत मिसळतो, ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांसारखे दिसू लागतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतील पोकळी भरून जाते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत व्युत्पत्तिमूलक अनुस्वार विपुल आहेत. अशा पानांची प्रत काढताना ठिपका मूळचा की शाईचा, हा प्रश्न पाठचिकित्सकापुढे खरोखर उभा राहतो. मोठा टंक वापरून तो काहीसा सुटतो, पण पूर्ण नाही.

कृती : ‘त्यांचे शुद्ध द्वैत’ हे शब्द लहान टंकात साध्या आणि इंकजेट लेपाच्या कागदावर छापून घ्या. भिंगातून अनुस्वार, ‘द्ध’ आणि ‘द्व’ पाहा व आढळलेला फरक चार-पाच वाक्यांत नोंदवा.