लक्सापान : वासाने कोथिंबीर, कुळाने चुका

ओळख : सिंगापूरच्या लक्सा या नारळाच्या दुधातल्या तिखट, रस्सेदार शेवयांवर शेवटी भुरभुरतात ती ही पानं. मलय नाव दाऊन कसुम, व्हिएतनामी नाव राऊ राम, शास्त्रीय नाव पर्सिकारिया ओडोराटा. पानं लांबट, टोकदार. मध्यावर बहुधा तपकिरी खूण. वास कोथिंबिरीचा असला, तरी झाड आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं.

लागवड : बी शोधू नका. सिंगापूरच्या टेक्का सेंटरसारख्या बाजारातून ताजी जुडी आणा. वीतभर काडीची खालची पानं काढून काडी पाण्यात ठेवा. साधारण आठवड्याभरात पेरापेराशी मुळं फुटतात. डेंग्यूचा धोका असल्याने पाणी एक दिवसाआड बदला. मग कुंडीत लावा.

निगा : माती कायम ओलसर, दुपारच्या उन्हात थोडी सावली. सिंगापूरची दमट हवा या झाडाला मानवते. फ्लॅटच्या गॅलरीतही ते पसरतं. शेंडे खुडत राहिलं की झाड भरगच्च होतं. जुनं, काटकुळं झालं की नव्या काड्या लावा.

वापर : चव तिखटसर, किंचित लिंबासारखी, म्हणून कोथिंबिरीच्या निम्मीच घ्या. देठ टाकून पानं अगदी बारीक चिरा आणि गॅस बंद केल्यावर घाला. नारळाच्या रसातलं माशाचं कालवण, कोळंबीचं सार किंवा काकडीची कोशिंबीर यांत ती छान मुरतात.

साठवण : पानं वाळवू नका, वास उडतो. ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.