शेळी चारा खाते, पण पचवते कोण?

खरिपाची काढणी आटोपली की औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारच्या शिवारात शेळ्यांना रान मोकळे होते. त्याआधी पावसाळाभर त्यांचे पोट भरते ते बांधावर, गायरानात आणि ओढ्याच्या काठाला. हरळी, मारवेल, कुसळी, बोरीचा पाला, हिवराचे शेंडे, बाभळीच्या शेंगा, जे मिळेल ते. या चाऱ्यावर शेळी दूध देते, करडे वाढवते आणि अडीनडीला घराला पैसा पुरवते. माणसाने तोच पाला पोटभर खाल्ला, तर त्याचे पोट तेवढे दुखेल.

गवताचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. कापूस म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, आणि ज्वारीच्या कडब्यातही तेच भरपूर असते. खरे तर सेल्युलोज ही ग्लुकोजचीच लांबलचक साखळी आहे. ती तोडणारा पाचकरस माणसाच्या शरीरात तयार होत नाही. गंमत अशी की तो शेळीच्या शरीरातही तयार होत नाही.

मग चारा पचवते कोण? शेळीच्या पोटात राहणारे जंतू.

पोटातला रांजण

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. त्यातले कोटीपोट सर्वांत मोठे, डाव्या कुशीत पसरलेले. ते म्हणजे सतत आंबत असलेला रांजणच. आत सुमारे 39 अंश सेल्सिअसची ऊब असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथल्या एका मिलिलीटर द्रवात अब्जावधी जिवाणू असतात, शिवाय आदिजीव आणि बुरशीही. हे जंतू सेल्युलोज तोडतात, आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. कोटीपोटाच्या भिंतीतून ही आम्ले रक्तात शोषली जातात. शेळीला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग यांतूनच मिळतो. पुढे हे जंतू स्वतःच चाऱ्याबरोबर खऱ्या पोटात उतरतात, पचतात आणि शेळीची प्रथिनांची गरज भागवतात.

शेळीचे काम या जंतूंना सांभाळण्याचे. सावलीला बसून ती रवंथ करते, तेव्हा चारा बारीक होतो आणि त्यात भरपूर लाळ मिसळते. लाळेतला सोडा आम्लाची धार कमी करतो. तयार होणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड ढेकरेवाटे बाहेर पडतो. रवंथ थांबले किंवा ढेकर अडकली, की शेळीचे काहीतरी बिघडले हे अनुभवी गुराखी लगेच ओळखतो.

ही सोय फक्त शेळी-गाईंचीच नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर लामा नावाचा उंटाचा भाऊबंद राठ गवतावर जगतो. त्याच्या पोटाला चारऐवजी तीन कप्पे असतात, पण तोही रवंथ करतो आणि त्याच्याकडेही चारा जंतूच पचवतात. खाल्लेले गवत लामा पोटात जास्त वेळ धरून ठेवतो. त्यामुळे निकस चाऱ्यातूनही त्याला बरेच सत्त्व मिळते.

जंतू बदलले, पचन बदलले

सुबाभळीची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. तिच्या पाल्यात मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या गुरांचे केस गळत आणि गलग्रंथी सुजत. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचे कारण पोटातल्या जंतूंमध्ये शोधले. 1980 च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांचे जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडण्यात आले आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. त्यातल्या एका जिवाणूला 1992 मध्ये जोन्स यांच्याच नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असे नाव मिळाले.

घात होतो तो धान्याने

जंतूंची ही वस्ती रोजच्या चाऱ्याप्रमाणे बसलेली असते. चारा एकाएकी बदलला की ती कोलमडते. खळ्यावरच्या धान्याच्या राशीत शेळी शिरते किंवा लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात, पोळ्या आणि बुंदी कुणीतरी प्रेमाने तिच्यापुढे टाकते. पिष्ट आणि साखर जंतू झपाट्याने आंबवतात आणि लॅक्टिक आम्ल भराभर साठते. चारा पचवणारे जंतू मरतात. शरीरातले पाणी कोटीपोटाकडे ओढले जाते, रक्तही आम्लधर्मी होते. शेळी खाणे आणि रवंथ सोडते, दात खाते, पातळ आंबूस हगते, झोकांड्या खाते. एक-दोन दिवसांत ती दगावू शकते.

दुसरा धोका ज्वारीचा. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांत धुरीन नावाचे द्रव्य असते. कोटीपोटात त्यातून सायनाइड सुटते. यालाच गावात ‘किराळ लागणे’ म्हणतात. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. जनावर काही मिनिटांतही कोसळू शकते. यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. सायनाइडची बाधा झालेल्या माणसालाही हीच औषधे दिली जातात. उशीर झाला तर ती वाया जातात.

म्हणून खबरदारी साधी आहे. नवा चारा किंवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवावा. उपाशी कळप हिरव्या पिकात सोडू नये, आधी थोडा कडबा घालावा. ज्वारीच्या पोंग्यांपासून जनावरे दूर ठेवावीत. धान्याच्या राशी आणि पंगतीचे उष्टे शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नये. पोट फुगले तर जबरदस्तीने तेल पाजू नये. ठसका लागून ते फुप्फुसात गेले, तर दुसरेच दुखणे उभे राहते. 1962 या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते.

पचन पार कोलमडलेल्या जनावराला पशुवैद्य कधी कधी निरोगी जनावराच्या कोटीपोटातले पाणी पाजतात. त्यातून जंतूंची वस्ती पुन्हा बसते. माणसाच्या आतड्यात प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या एका चिवट जंतुसंसर्गावरही आता याच तत्त्वाचा उपचार होतो. त्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. माणसाच्या मोठ्या आतड्यातही जंतू राहतात. ज्वारीची भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतला चोथा ते आंबवतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसते. विनाकारण घेतलेली प्रतिजैविके या जंतूंनाही मारतात. शेळीइतके आपण त्यांच्यावर अवलंबून नाही, पण त्यांना उपाशी ठेवणे आपल्यालाही परवडणारे नाही.