करंट दाखवणारा काटा

नवीन पनवेलमधल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची मुळं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहेत. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झालं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामच्या करंटभोवतीचं चुंबकीय क्षेत्र या नोंदींत मिसळलं असतं. म्हणून १९०४ साली अलिबागला, लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळून बांधलेली नवी वेधशाळा सुरू झाली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

करंट वाहिला की जवळची चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेड यांनी १८२० मध्येच दाखवलं होतं. वेधशाळेला ज्याची बाधा होणार होती, त्याच परिणामावर काट्याचा मीटर चालतो. फक्त त्यात चुंबक स्थिर असतो आणि बारीक तारेचं वेटोळं फिरतं. करंट जितका जास्त तितकं वेटोळं अधिक वळतं आणि केसासारखी स्प्रिंग त्याला मागे ओढते. दोन्ही जोर समसमान होतात तिथे काटा थांबतो.

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांनी घरी बनवलेल्या पॉवर सप्लायवर असे दोन मीटर बसवावेत, असं मला मनापासून वाटतं. मीटर मुळात एकच असतो. १ मिलिअँपिअरला पूर्ण वळणारा, १०० ओहम रोधाचा मीटर घेऊ. १५ व्होल्टपर्यंत मोजायचं तर एकूण रोध १५,००० ओहम हवा, म्हणजे १४,९०० ओहमचा रेझिस्टर त्याच्याशी एकसरीत जोडायचा. झाला व्होल्टमीटर. तो थेट आउटपुटच्या दोन टर्मिनलवर लावावा.

१ अँपिअरपर्यंतचा करंट मोजताना मात्र वेटोळ्यातून फक्त १ मिलिअँपिअर जायला हवा, बाकीच्याला वेगळी वाट द्यायची. ही वाट म्हणजे शंट. वेटोळ्यावर तेव्हा ०.१ व्होल्ट असतो, म्हणून शंट जवळजवळ नेमका ०.१ ओहमचा लागतो. त्यात उष्णता अवघी ०.१ वॅट. पण इतक्या लहान रोधाशी व्यवहार करताना तारही हिशेबात येते. १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेचा १० सेंटिमीटर तुकडा सुमारे १.७ मिलिओहमचा असतो. तो मोजमापात शिरला तर पावणेदोन टक्के चूक झालीच. म्हणून मीटरच्या तारा शंटच्या पायांवरच डाग देऊन जोडाव्यात. शंटचा डाग सुटला तर सगळं व्होल्टेज वेटोळ्यावर येऊन ते जळतं, तेव्हा तो जोड आधी आणि पक्का करावा.

शंट कुठे बसवायचा? एलएम३१७ सारखा रेग्युलेटर असेल तर फिल्टर कपॅसिटर आणि रेग्युलेटरच्या मध्ये. आउटपुटला लावला तर पूर्ण भाराला ०.१ व्होल्ट कमी मिळेल. आधी लावला की ही घट रेग्युलेटर सांभाळून घेतो. रेग्युलेटरचे सेटिंग रेझिस्टर आणि व्होल्टमीटर यांचे मिळून पाच-सहा मिलिअँपिअर जास्त दिसतील, पण १ अँपिअरच्या पट्टीवर ते नजरेत भरत नाहीत. शिवाय काट्याच्या मीटरला स्वतःची वीज लागत नाही, त्यामुळे तो पॉझिटिव्ह बाजूलाही बिनदिक्कत चालतो. स्वस्त डिजिटल मीटरला वेगळा पुरवठा द्यावा लागतो आणि ग्राउंड जुळवावं लागतं.

अचूकतेत मात्र डिजिटल मीटरच पुढे आहे. २.५ वर्गाच्या मीटरची चूक पूर्ण पट्टीच्या अडीच टक्क्यांपर्यंत असू शकते. १५ व्होल्टच्या पट्टीवर ती ०.३७५ व्होल्ट होते, म्हणजे ३.३ व्होल्टचं सर्किट त्या भरवशावर जोडू नये. पण आउटपुटला जोडलेला कपॅसिटर भरताना उसळून हळूहळू उतरणारा करंट, मोटर सुरू होतानाचा झटका, शॉर्टसर्किट हे काटा हालचालीतून दाखवतो. बदलत्या आकड्यांतून ते इतक्या चटकन उमगत नाही.

डबा उघडण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करा. बसवलेला मीटर मल्टिमीटरशी ताडून पाहा. खिशात एकाच मीटरपुरते पैसे असतील तर करंटचा घ्या. व्होल्टेज मल्टिमीटरच्या दोन टोकांनी केव्हाही पाहता येतं, करंटसाठी दर वेळी सर्किट तोडावं लागतं.