लाल वायर कुठे जोडायची?

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि कॅम्परचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांचा, मोसम सुरू होतो. तिथल्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुना कॅम्पर घ्यायचं मनावर घेतलं, की पहिली चौकशी असते ती आपली गाडी तो ओढेल का याची. ओढेल हो, थांबवेल का ते विचारा. सामानाने भरलेला मध्यम कॅम्पर सहज दोन टनांच्या घरात जातो. म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १३६० किलोंच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. कॅलिफोर्नियात कॅम्परला तर १५०० पौंडांपासूनच. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या निव्वळ ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या भरवशावर उतार उतरतात, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

युरोपात गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. अमेरिकेतल्या कॅम्परना बहुतेक विजेचे ब्रेक असतात. चाकाच्या ड्रममध्ये एक चुंबक बसवलेला असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याच्या दांडीमुळे ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. करंट जितका जास्त, तितकी पकड घट्ट. किती करंट सोडायचा ते ठरवतो डॅशबोर्डखालचा ब्रेक कंट्रोलर. साधा कंट्रोलर पेडल दाबल्यावर आधी ठरवून दिलेल्या गतीने जोर वाढवत नेतो. चांगल्या कंट्रोलरला गाडी किती झपाट्याने मंदावते आहे ते कळतं आणि तो त्या मानाने ट्रेलर आवरतो. पैसे या दुसऱ्या प्रकारावर घालवावेत.

मोठ्या पिकअपमध्ये कंट्रोलर कंपनीनेच बसवलेला असतो, निदान त्याचा प्लग तरी तयार असतो. साध्या एसयूव्हीत बहुधा यातलं काहीच नसतं, आणि मग कंट्रोलरच्या चार वायरी ओढाव्या लागतात.

काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी मायनसला. निळी थेट मागे, ट्रेलरच्या सात पिनांच्या सॉकेटपर्यंत. मागे चार पिनांचं चपटं सॉकेट असेल तर त्याने फक्त दिवे लागतात, ब्रेकसाठी त्यात पिनच नाही. एक चुंबक साधारण तीन अँपिअर खातो, म्हणजे दोन अॅक्सलच्या, चार चाकांच्या ट्रेलरला बारा. एवढा करंट बारीक वायरीतून लांबवर नेला तर व्होल्टेज वाटेतच गळतं आणि ब्रेक ढिले लागतात. म्हणून जाड, दहा गेजची वायर घ्यावी. काळ्या वायरीवर बॅटरीजवळ २० अँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर बसवतात. साधा फ्यूज उतारावर उडाला तर ब्रेक तिथेच संपले.

खरी कसोटी लाल वायरीची. पेडल दाबलं गेल्याची खबर कंट्रोलरला तीच देते, म्हणून ती पेडलवरच्या स्टॉप लाइटच्या स्विचला जोडतात. स्विचच्या एका बाजूला करंट कायम असतो, दुसऱ्या बाजूला पेडल दाबल्यावरच येतो. लाल वायर हवी या दुसऱ्या बाजूला. चुकून पहिलीकडे गेली तर पाय पेडलवर नसतानाही ब्रेक लागलेलेच राहू शकतात आणि ड्रम तापत जातात. कुणी वाकायचा कंटाळा करून ती मागच्या दिव्याच्या वायरीला जोडतात. पण अनेक अमेरिकी गाड्यांत ब्रेकचा आणि वळण्याचा लाल दिवा एकच असतो. मग इंडिकेटर दिला की त्या तालावर ट्रेलरला हिसके बसायला लागतात. टेस्टरचा दिवा लावून, पेडल दाबून-सोडून खात्री केल्याशिवाय वायर कापू नये. नव्या गाड्यांत तर हा स्विच कंप्युटरशी बोलतो आणि तिथला करंट नाममात्र असतो, त्यामुळे त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा हातात नसेल तर मेकॅनिककडेच जावं. जवळपास एअरबॅगच्याही वायरी असतात, तिथे प्रयोग नकोत.

जोडणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जाताना कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका दाबून बघायचा. जोर वाढवत ट्रेलरची चाकं जाम होईपर्यंत न्यायचा आणि मग जरा खाली आणायचा. सामान वाढलं, पाऊस पडला की हे पुन्हा करायचं. त्याच खटक्याचा दुसरा उपयोग असा की ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता नुसता ट्रेलर आवरता येतो.

ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि तारेला बांधलेली पिन असते. ट्रेलर सुटला तर पिन निघते आणि त्या बॅटरीवर ब्रेक लागतात. ही तार गाडीच्या पक्क्या भागाला बांधावी. ती ट्रेलर जोडायच्या हिचच्या गोळ्यालाच अडकवली आणि गोळाच निखळला, तर तारही ट्रेलरबरोबर जाईल आणि पिन जागची हलणार नाही.