ब्रोकन ब्लॉसम्स (१९१९)

दिग्दर्शक : डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. कलाकार : लिलियन गिश, रिचर्ड बार्थेलमेस, डोनाल्ड क्रिस्प. मूळ कथा थॉमस बर्क यांच्या १९१६ सालच्या ‘लाइमहाउस नाइट्स’ या संग्रहातली. पहिला खेळ न्यूयॉर्कमध्ये, मे १९१९.

लंडनच्या लाइमहाउस वस्तीत राहणारी ल्यूसी. बाप मुष्टियोद्धा, दारूच्या नशेत पोरीला चाबकाने फोडून काढणारा. एक चिनी दुकानदार तिला आसरा देतो, तेवढीच काय ती तिच्या वाट्याला आलेली माया. बाप ‘हस’ म्हणून दरडावतो, तेव्हा ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर उचलते. ही कृती गिश यांना स्वतःलाच सुचलेली. शेवटाकडे ल्यूसी अडगळीच्या चिंचोळ्या खोलीत कोंडून घेते, बाप कुऱ्हाडीने दार फोडत असतो आणि ती जागच्या जागी गरगर फिरत राहते. आवाज नसूनही तिची किंकाळी ऐकू येते. मूकपटांतला इतका भेदक अभिनय क्वचितच सापडेल. ही कोवळी पोर साकारताना गिश पंचविशीत होत्या, हे पटत नाही.

चित्रपटातली सगळ्यात सहृदय व्यक्ती चिनी आहे, पण ती भूमिका गोऱ्या बार्थेलमेस यांनी चेहरा रंगवून केली. हा दोष तेव्हाच्या हॉलिवूडचा, आणि तो झाकू नये. वर्णद्वेषी ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ ग्रिफिथ यांचाच, त्याआधी चारच वर्षांचा.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘ब्रोकन ब्लॉसम्स’चा समावेश झाला. संगीताच्या साथीने, मोठ्या पडद्यावर पाहायची संधी मिळाली तर सोडू नका.